ती गाठ शनिवारी काढू नको

भाऊ,

काल व्हिडिओ कॉलवर खांद्यावरची गाठ दाखवलीस आणि म्हणालास शनिवारी दहा मिनिटांत काढून टाकतो, चरबीची गाठ आहे. आजीपण मागून म्हणे, एवढीशी गाठले काय व्हस. बहुतेक साधीच निघेल रे, पण दिवाळीपासून वाढलीय, टणक आहे आणि चामडी तिच्यासोबतच हलते म्हणालास ना, तिथे माझं मन अडकलं. चरबीची गाठ मऊ असते, वरची चामडी तिच्यावरून सरकते.

जळगावला लॅबमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे फॉर्मलिनच्या (ते खराब होऊ नयेत म्हणून वापरायच्या द्रावणाच्या) डबीत येतात, फॉर्मवर लिहिलेलं असतं लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, नाहीतर केलॉइड, म्हणजे जखमेचा वाढलेला व्रण. मेणाचा ब्लॉक करून मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप करायच्या मशीनवर कापते, स्लाईड रंगवून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवते, आणि कधीतरी एखाद्या स्लाईडवर चटईच्या विणीसारख्या पेशी दिसतात, खालच्या चरबीत शिरलेल्या, मग मॅडम म्हणतात सीडी 34 लावा, म्हणजे पेशींवरचं एक प्रोटीन दाखवणारी खास टेस्ट. तो पॉझिटिव्ह आला की बहुतेक डीएफएसपी, म्हणजे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा, चामडीतला एक कॅन्सर. त्याच्यासारखीच दिसणारी साधी गाठ असते डर्मॅटोफायब्रोमा, तिच्यात सीडी 34 सहसा निगेटिव्ह येतो. तरी शंका राहिली तर फिश टेस्ट करतात, पेशीतल्या 17 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमच्या (गुणसूत्रांच्या) तुकड्यांची अदलाबदल झालीय का ते बघायला.

घाबरू नको, हा आजार वर्षानुवर्षं हळू वाढतो आणि दुसरीकडे फार क्वचित पसरतो, 5 टक्क्यांपेक्षा कमी जणांत. पण त्याची मुळं आडवी लांब जातात, वरून दिसतं त्याच्या बरीच पुढे, म्हणून नुसती गाठ सोलून काढली की तिथेच परत येते. नीट ऑपरेशनमध्ये आजूबाजूची 2-3 सेंटीमीटर चांगली चामडीपण काढतात, आणि आधी कुणी अर्धवट काढलेली असेल तर कुठपर्यंत कापायचं तेच कळत नाही, दुसरं ऑपरेशन मोठं होऊन बसतं. मला त्याचीच धास्ती आहे.

म्हणून शनिवारचं कॅन्सल कर. सर्जनला सांग आधी बायोप्सी करा, खालच्या चरबीपर्यंतचा तुकडा घ्या. नुसत्या सुईच्या तपासणीवर समाधान मानू नको, सुईत मोकळ्या पेशी येतात, वीण दिसत नाही. आणि कुणीही काहीही काढलं तरी ते लॅबला गेलंच पाहिजे, साधीच आहे म्हणून फेकू देऊ नको. ब्लॉक आणि स्लाईड मागून घे, लागलं तर परळला टाटाला त्याच दाखवता येतात.

रिपोर्टचा फोटो आला की लगेच पाठव, मी मॅडमना दाखवते. बायोप्सीच्या दिवशी सकाळच्या गाडीने येतेच मी, सुट्टी सांगून ठेवलीय.

तुझी आई