समोर प्रवाळाची भिंत असूनही

माजुरो, मार्शल बेटे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "समोर प्रवाळाची भिंत असताना पाणी घरात शिरतंच कसं?" तेवढ्यात फोन कट झाला. नेमक्या याच प्रश्नाचा मला पगार मिळतो, म्हणून ऐसपैस लिहिते.

भूगोलाच्या पुस्तकात 'कंकणद्वीप' म्हणून एक बांगडी काढलेली असायची, तसंच हे. आत शांत खारकच्छ, म्हणजे बांगडीच्या पोटातलं उथळ खारं पाणी, बाहेर पॅसिफिक, मधली जमीन काही ठिकाणी इतकी चिंचोळी की दोन्हीकडचं पाणी दिसतं. उंची बहुतेक जागी जेमतेम 2 मीटर. बाहेरच्या अंगाला प्रवाळाचा सपाट कातळ, ओहोटीला चालत जावं असा, आणि कातळ संपला की समुद्र एकदम खोल.

मोठी लाट त्या कडेवर फुटते. प्रवाळभित्ती लाटांची सरासरी 97 टक्के ऊर्जा जिरवते, असं 2014 सालच्या एका अभ्यासात जगभरची मोजमापं एकत्र करून मांडलंय. तुमचा भरवसा बरोबरच आहे. पण फुटलेल्या लाटेचं पाणी जाणार कुठे? ते कातळावर ढकललं जातं, मागून येणाऱ्या लाटा त्याला परतू देत नाहीत, आणि कातळावरची पातळीच चढते. त्यात लाटा घोळक्याने येतात: काही थोराड, मग काही किरकोळ. घोळक्यागणिक ती चढलेली पातळी वर-खाली होते आणि त्यातून एक वेगळीच संथ लाट जन्मते. नेहमीची मोठी लाट दहा-पंधरा सेकंदांनी येते. हिची एक फेरी अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत चालते. काठावर उभं राहिलं तर लाट आली असं वाटतच नाही, अवेळी भरती आल्यासारखं वाटतं.

समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1949 सालीच हिला 'सर्फ बीट' म्हटलं होतं. ती काय करू शकते ते फिलिपिन्समधल्या हर्नानीने 8 नोव्हेंबर 2013 ला पाहिलं. हैयान वादळ, समोर प्रवाळ, आणि ही संथ लाट त्सुनामीसारखी उभी राहून गावात घुसली. माणसं गेली. पुढे झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मला पचायला वेळ लागला: मध्यम वादळात जो प्रवाळ गाव वाचवतो, तोच इतक्या जबर लाटांत पूर वाढवू शकतो. कडा उभी असल्याने लाटा फुटण्याचा पट्टा अगदी अरुंद, त्यामुळे संथ लाटेची ताकद वाटेत फारशी खर्चच होत नाही. शिवाय पुराचं नियोजन ज्या मॉडेल्सवर चालतं ती लाटांची सरासरी काढतात, आणि सरासरीत ही बया सापडत नाही.

पुढचं आईला वाचून दाखवू नका. ती रोज इथलं हवामान बघून निश्चिंत होते, पण पूर यायला वादळ इथे असावं लागत नाही. डिसेंबर 2008 मध्ये उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर तुडवत माजुरोत शिरल्या. 20 जानेवारी 2024 ला याच देशातल्या रोई-नामूर बेटावर लष्करी तळाच्या भोजनगृहाचं दार फोडून पाणी आत आलं. पाणी ओसरतं, मीठ मागे राहतं. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो, तो खारावला की पुन्हा गोडा व्हायला फार काळ जातो.

आमचं काम म्हणाल तर गवंड्याचं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात कातळाला भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, त्यावर पाण्याचा दाब मोजणारी नळकांडी बसवायची. दाबावरून वर किती पाणी आहे ते कळतं. कडेपासून किनाऱ्यापर्यंत अशी एक ओळ लावली की संथ लाट पुढे सरकताना स्पष्ट दिसते. समुद्राची पातळी वाढेल तसं कातळावर पाणी खोल होईल आणि लाटा कमी फुटतील, म्हणजे जास्त ताकदीनिशी किनाऱ्याला पोचतील. प्रवाळ मेला की त्याचा खडबडीतपणा झिजतो, पाण्याला अटकाव उरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम होऊ लागल्यात, म्हणून आत्ताच मोजायची घाई.

कडेजवळचं नळकांडं मागच्या आठवड्यात बोल्टासकट उखडून गेलं. महिन्याभराच्या नोंदी त्यात होत्या! चूक माझीच, भोक उथळ पाडलं होतं. उद्या पहाटेच्या ओहोटीला दुसरं बसवायचंय, या खेपेला वीतभर खोल.

तुमची,
धाकटी