सासूबाईंना कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात टीव्ही बघताना मोबाईल आणि टॅब वापरण्यावरचा लेख वाचला. आजच्या पिढीला दोन्हीकडे लक्ष देता येतं, त्यात वावगं काही नाही, असा त्याचा सूर आहे. लेखकांच्या घरी टीव्हीसमोर कोणी म्हातारं माणूस बसत नसावं, असं वाटलं.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसऱ्याने उजेड आणि रंग तेवढे कळतात. त्या मालिका कानांनी बघतात. पात्रं बोलत असतात तोवर ठीक, पण हल्ली निम्मा वेळ कोणी बोलतच नाही. नुसतं संगीत आणि एकेकाचा चेहरा. मग त्या विचारतात, ‘‘काय झालं गं? कोण आलंय?’’

गेल्या गुरुवारी रात्री त्यांच्याशिवाय आम्ही पाच जण त्या खोलीत होतो. मुलगा मोबाईलवर मॅच बघत होता, सून रील्स, नातू टॅबवर गेम खेळत होता, हे व्हॉट्सॲपवर. मीसुद्धा बहिणीला लग्नाचे फोटो पाठवत होते. सासूबाईंनी तीनदा विचारलं. शेवटी मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘‘काय नाही आज्जी, भांडूल्यात.’’ तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. ते त्यांना आवाजावरून आमच्याआधी कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला आणि भिंतीला धरून आत गेल्या.

मला झोप लागली नाही, कारण मी १९८७ साल पाहिलं आहे. रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागायचं. शहापुरातल्या आमच्या बोळात टीव्ही आमच्याकडेच, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. सोप्यात पाय ठेवायला जागा नसे. हिंदी सगळ्यांना कुठली कळायला? सासूबाईंनी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या. शेजारच्या मागवाल्यांची बायको कानडी. ती दर वाक्याला विचारायची, ‘‘एनंतान री?’’ म्हणजे ‘काय म्हणतोय हो?’ सासूबाई तिला कानडीत सांगायच्या, लगेच मागे वळून बाकीच्या बायकांना मराठीत. त्यांचा स्वतःचा अर्धा भाग त्यात बुडायचा. पण कोणाला ‘गप्प बस’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

दोन्हीकडे लक्ष देता येतं, हेही मला पटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या २००९ सालच्या अभ्यासात उलटंच दिसलं होतं. एका वेळी अनेक पडदे वापरायची सवय असलेलेच बिनकामाच्या गोष्टींनी लवकर विचलित होत होते.

आणि मॅचच्या दिवशी तर सासूबाईंचे फारच हाल होतात. टीव्हीवर केबलची मॅच, मुलाच्या मोबाईलवर तीच मॅच. इंटरनेटवरून चित्र बारीक तुकडे करून येतं, मोबाईल ते थोडं साठवून दाखवतो, म्हणून तो काही सेकंद मागे चालतो. एकच विकेट त्यांच्या कानांवर दोनदा पडते. ‘‘आणखी एक गेला काय?’’ म्हणून त्या घाबरून विचारतात.

शुक्रवारपासून मी साडेसात ते नऊ मोबाईल स्वयंपाकघरात, डब्याच्या फळीवर ठेवते आणि त्यांच्याजवळ बसून सांगते: दार उघडलं, थोरली आली, तिच्या हातात पत्र आहे. परवा त्या म्हणाल्या, ‘‘हळू सांग गं, बोलणं ऐकू दे की.’’ चार दिवसांनी त्यांच्या तोंडून तेवढं ऐकलं.

आता एक तक्रार आपल्याबद्दलही. आपल्या अंकात पूर्वी रोजच्या कार्यक्रमांच्या वेळा यायच्या, त्या का बंद केल्या? आमच्या केबलवाल्याकडे मराठी चॅनेलचे वेगळे पैसे मोजावे लागतात. कानडी चॅनेल आपोआप येतात, मराठीसाठी दर महिन्याला आठवण करावी लागते, आणि त्यांचे नंबरही मधेच बदलतात. कुठलं कधी, कुठे लागणार हे छापील हाती असेल तर सासूबाईंना मी दुपारीच वाचून दाखवीन. सध्या ते बघायला मला फळीवरचा मोबाईल पुन्हा हातात घ्यावा लागतो.

कळावे,
एक वाचक, शहापूर, बेळगाव