तक्रार: बोर्गेत्तोचं वीकेंड पॅकेज, आणि मंगळवारची मेजवानी शनिवारी विकल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, पुणे ऑफिस

नमस्कार,

मी म्युनिकहून लिहितोय. तुमच्या व्हॉट्सॲपवर चार मेसेज टाकले, चारही वाचल्याच्या निळ्या टिका आल्या, उत्तर मात्र एकाचंही नाही, म्हणून आता ईमेल करतोय, लांबलचक झाला तरी शेवटपर्यंत वाचा कारण पैशांचं शेवटी आहे.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी इकडे आलेत. त्यांना व्हेनिस-बिनिसची गर्दी नको होती, शांत काहीतरी दाखवायचं होतं, आणि तेव्हाच तुमची जाहिरात दिसली, 'इटलीतलं नदीकाठचं स्वप्नातलं गाव, बोर्गेत्तो, मराठी माणसांसाठी खास वीकेंड'. गार्डा लेकमधून मिंचो नदी निघते तिच्या काठावर, पाणचक्क्या, जुना पूल, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात 'पुलावरची मेजवानी'. चौघांचे ११४० युरो. महाग वाटलं पण बायको म्हणाली आई-बाबा काय रोज येतात का, भरले.

आता पहिली आणि मुख्य तक्रार ह्या मेजवानीचीच. त्याचे तुम्ही वेगळे ३०० युरो लावले, इनव्हॉइसवर स्वतंत्र ओळ आहे, 'प्रेमाची गाठ डिनर, पुलावर, ४ व्यक्ती'. आम्ही शनिवारी १४ जूनला संध्याकाळी आवरून, आई चक्क पैठणी नेसून, पुलावर गेलो. तिथे काय होतं? गाड्या जात होत्या. एक बाई कुत्रा फिरवत होती. टेबल नाही, खुर्ची नाही, काही नाही. मला आधी वाटलं आपणच चुकीच्या पुलावर आलो. मग खाली एका रेस्टॉरंटमध्ये तुमचं व्हाउचर दाखवलं तर तिथली मुलगी आधी हसली आणि मग आईची पैठणी बघून एकदम गप्प झाली. ती मेजवानी दरवर्षी जूनच्या तिसऱ्या मंगळवारी असते. मंगळवारी! १९९३ पासून चालू आहे, पुलावर लांबच लांब टेबलं मांडतात, तीन हजारांवर माणसं एका वेळी जेवायला बसतात, आणि त्याची तिकिटं आधीच काढून ठेवावी लागतात. म्हणजे ह्या वर्षी १७ तारखेला. आम्ही १५ ला परत. मंगळवारची गोष्ट तुम्ही वीकेंड पॅकेजमध्ये विकली, आणि एक फोन केला असता तर कळलं असतं. फोन पण नको हो, गावाच्या नावाने गुगल केलं असतं तरी चाललं असतं. आम्ही नाही केलं कारण आम्ही तुम्हाला पैसे दिले होते.

मग तिथेच जेवलो. व्हाउचरवर 'शुद्ध शाकाहारी टॉर्टेलिनी' लिहिलेलं. तिथल्या टॉर्टेलिनीत मांसाचं सारण असतं, म्हणजे बीफ, पोर्क, चिकन असं मिसळून, त्यासाठीच ते गाव प्रसिद्ध आहे, आणि वर मांसाच्याच पाण्यात देतात. त्या मुलीने स्वतःहून विचारलं म्हणून वाचलो, नाहीतर आईने ६८ वर्षांत पहिल्यांदा काय खाल्लं असतं ह्याचा विचार तुम्हीच करा. तिने मग लाल भोपळ्याचं सारण भरलेलं आणून दिलं, बटर आणि कसल्यातरी पानांचा वास असलेलं. आई म्हणाली अगं ही तर भोपळ्याची करंजी, पुरणासारखीच गोड लागतेय, आणि पारी इतकी पातळ कशी लाटतात हे विचारायला माझ्या बायकोला किचनच्या दारापर्यंत पाठवलं. त्या मुलीने मग रुमालाला गाठ मारून दाखवली. कुणी मालको नावाचा सैनिक आणि सिल्व्हिया नावाची नदीतली अप्सरा, त्यांनी जाताना काठावर गाठ मारलेला रेशमी रुमाल ठेवला, ती गाठ म्हणजे हा टॉर्टेलिनीचा आकार, अशी गोष्ट आहे. हे सगळं आम्हाला तिने सांगितलं, तुमच्या 'मराठी भाषिक गाईड'ने नाही, कारण तो आलाच नाही. जेवणाचं बिल आम्ही भरलं, ते मी मागत नाही, जेवण चांगलं होतं.

दुसरं, खोली. 'रिव्हर व्ह्यू'चे जास्तीचे १२० युरो. खोली नदीवर नाही, वर टेकडीवरच्या वालेज्जो गावात निघाली, खिडकीतून सुपरमार्केटचं पार्किंग. तुमच्या ऑफिसातल्या मुलाला फोन केला तर म्हणतो 'सर गावाचं नावच वालेज्जो सुल मिंचो आहे, म्हणजे मिंचोवरचं, त्यामुळे टेक्निकली रिव्हर साइडच'. ह्या न्यायाने कोरेगाव भीमातल्या प्रत्येक फ्लॅटला रिव्हर व्ह्यू लावा. रात्री पाण्याचा आवाज येतोय म्हणून बाबा खूश होते, सकाळी कळलं तो शेजारच्या एसीच्या कॉम्प्रेसरचा होता. आणि बोर्गेत्तोपासून वर यायला चांगला चढ आहे, बाबांच्या गुडघ्यांबद्दल बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं, तुमच्याच फॉर्ममध्ये तो रकाना आहे.

तिसरं, गाडी. पेस्किएरा स्टेशनवर आमच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा असणार होता. दीड तास उन्हात थांबलो. टॅक्सी ४५ युरो.

चौथं जरा नीट वाचा कारण ह्यात सगळ्यात जास्त पैसे गेलेत. रविवारी परतीला तुमची गाडी 'कॅन्सल' झाली आणि तुमच्या मुलाने बसच्या टाइमटेबलचा फोटो पाठवला, वर लिहिलेलं 'फेरियाले'. मी विचारलं हे रविवारचं आहे ना, तर म्हणाला 'हो सर, फेरिया म्हणजे सुट्टी, फेरियाले म्हणजे सुट्टीच्या दिवसाचं'. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. सुट्टीचं असतं त्याला 'फेस्तीवो' म्हणतात. हे आम्हाला स्टॉपवर पाऊण तास उभं राहिल्यावर एका आजोबांनी सांगितलं, तेसुद्धा हातवारे करून, आधी कॅलेंडरसारखी बोटं मोजली आणि मग रविवारच्या बोटावर आल्यावर नाही नाही अशी मान हलवली. परत टॅक्सी, ४० युरो, तरी व्हेरोनाहून म्युनिकची गाडी चुकलीच, आणि आमची तिकिटं त्याच गाडीची स्वस्तातली होती त्यामुळे सगळी वाया. नवीन चार तिकिटं २७६ युरो. घरी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

बारीकसारीक पण सांगतो, ह्याचे पैसे मागत नाही पण दुरुस्त करा. सिगुर्ता बागेत 'लाखो ट्यूलिप' म्हणून फोटो टाकलाय, ट्यूलिप मार्च-एप्रिलमध्ये असतात, जूनमध्ये एक पण नव्हता. बाग मात्र भारी आहे, ६० हेक्टर, आई तिथल्या गुलाबांजवळून हलायला तयार नव्हती. आणि माहितीपत्रकात 'दोन हजार वर्षं जुना रोमन पूल' लिहिलंय तो रोमन नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांनी लांबूनच सांगितलं हा पूल नाही, हा बंधारा आहे, एवढा रुंद पूल कोण कशाला बांधेल. आणि तसंच निघालं, मिलानचा सत्ताधीश जान गालेआझ्झो विस्कोन्ती, त्याने १३९३ मध्ये बांधलेला, खाली मान्तोव्हा शहराचं पाणी तोडता यावं म्हणून बांधला असं तिथे सांगतात. ६५० मीटर लांब, २१ मीटर रुंद. बाबांनी गुडघा दुखत असताना अख्खा पावलांनी मोजला, जाताना आणि येताना, आणि दोन्ही आकडे खिशातल्या डायरीत लिहिले.

गाव खरंच सुंदर आहे हो, म्हणून तर जास्त राग येतोय. रविवारी सकाळी सहाला मी आणि बाबा दोघंच खाली गेलो होतो, लाकडी चाक फिरतंय, पात्यांवर हिरवं शेवाळ, पाणी इतकं स्वच्छ की खालचं गवत एका बाजूला विंचरल्यासारखं दिसतं. बाबा अर्धा तास काही बोलले नाहीत. त्यांच्यासाठी तेवढं पुरेसं होतं, पण त्यात तुमचं काहीच नव्हतं, ते फुकट होतं.

तर हिशोब. मेजवानी ३००, रिव्हर व्ह्यू १२०, दोन टॅक्सी ८५, ट्रेन २७६. एकूण ७८१ युरो. बिलांचे फोटो, तुमचं इनव्हॉइस आणि 'फेरियाले'वाल्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेत. पुढच्या ट्रिपवर २० टक्के डिस्काउंटचं कूपन पाठवू नका, ते मागच्या महिन्यात माझ्या मित्राला पाठवलंत, मला माहितीये.

आई-बाबा जुलैच्या शेवटी पुण्याला परत जातायत. तोपर्यंत पैसे आले नाहीत तर बाबा डायरी आणि बिलं घेऊन स्वतः तुमच्या ऑफिसला येतील. त्यांनी ३४ वर्षं सरकारी खात्यात काढलीत, सकाळी दहाला येऊन बसले की साहेब भेटेपर्यंत उठत नाहीत, डबा बरोबर आणतात. कृपया त्यांच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवा, स्टूल चालत नाही.

तुमचा ग्राहक,
म्युनिक