डोंगरातली खाण आणि ओढ्यांचा नकाशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमध्ये रॅट-होल खाणीत (माणूस कसाबसा सरपटेल एवढ्या अरुंद बिळांनी कोळसा काढतात तिथे) मजूर दगावल्याची बातमी आली की चर्चा बेकायदा उपशाची आणि पोलिसांच्या कानाडोळ्याची होते. ती व्हायलाच हवी. पण चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो तो वेगळा: त्या डोंगरावरच्या ओढ्यांचा नकाशा कुणी काढला होता का?

१३ डिसेंबर २०१८ रोजी त्याच टेकड्यांतल्या क्सान इथे लिटेन नदीजवळच्या खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. नौदलाचे पाणबुडे गेले, कोल इंडियाचे पंप गेले, आपल्या किर्लोस्करांचेही गेले. पातळी काही हटेना. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणींतही पाणीच पाणी, आणि त्यांची बिळे आतून कुठवर गेली आहेत याचा प्लॅन नाही. दोघांचेच मृतदेह हाती लागले. खाणीचे तोंड पुराच्या कमाल पातळीहून किमान दीड मीटर वर हवे, नदीकाठापासून १५ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नको, असे आपल्या कोळसा खाण नियमांत साफ लिहिलेले आहे.

आमच्या गोंडवाना कोळशात गंधक कमी. त्यामुळे पावसाळ्यात नाल्यात उतरलेली ओबीची (कोळशावरून काढून टाकलेल्या थरांची) माती उपसणे, हीच आमची मोठी डोकेदुखी. तिकडच्या कोळशात गंधक भरपूर. त्यातल्या लोहमाक्षिकाला (लोह आणि गंधकाचे खनिज, पायराइट) हवा-पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. तिथली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार पडते (फोटो सुंदर येतात, दुर्दैवाने), मासे मरतात. कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रेही या आम्लाने खाल्ली आणि तो प्रकल्प तर शेजारच्या आसामात आहे.

इलाज म्हणून, आम्ल मारायला नदीत चुनखडी टाकण्याची भाषा होते. चुनखडी तिथे मुबलक आहे, पण इलाज वरच्या अंगाला हवा. उतारावर खाणीच्या माथ्याशी चर खणून पावसाचे स्वच्छ पाणी खाणीला वळसा घालून ओढ्यात सोडायचे. आम्ही त्याला गारलँड ड्रेन म्हणतो. खाणीतले पाणी आणि वरचे पाणी एकदा मिसळले की सगळेच नासते. सपाटीवर चर चुकला तर संपात (खाणीच्या तळाशी पाणी गोळा करायच्या खड्ड्यात) पंप टाकून निभावता येते. डोंगरात पाणी कुठल्या तरी बिळातून उताराकडे वाट काढतेच, आणि खाण बंद पडल्यावर पंप चालवणार कोण?

म्हणूनच एप्रिल २०१४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने रॅट-होल खाणकामावर घातलेली बंदी पुरेशी नव्हती. ती काटेकोर पाळली असती, तरी उघडी तोंडे दर पावसात पाणी पीतच राहिली असती.

न्यायाधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये मेघालय सरकारला १०० कोटी रुपये भरायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. असा पैसा आधी सोडून दिलेल्या खड्ड्यांची तोंडे बुजवण्यावर आणि त्यांच्या वरच्या चरांवर खर्च व्हावा. नदीकाठची कामे मागाहून. नवा परवाना द्यायचा असेल, तर अर्जाला फक्त पावसाळ्यात वाहणाऱ्या ओहोळांसकट नकाशा जोडलेला असावा आणि तो गावकऱ्यांपुढे पसरून तपासला जावा. चुनखडीच्या त्या मुलखात ओढे गुहांमध्ये गडप होऊन भलतीकडेच वर येतात. ते कुठे, हे सर्व्हेअरच्या आधी गावाला ठाऊक असते.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर, बल्लारपूर