पाटा एकाकडे, वरवंटा एकाकडे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. धान चुरून घरात आलं. परवा गावची मंडईची जत्रा झाली आणि रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. दहाला पडदा उघडला तो पहाटेपर्यंत. २०२३ मध्ये आपल्याकडच्या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीचं नाव झालं म्हणून तू पुण्याहून फोन केला होतास. परवा तू हवा होतास गा.

नाटकात दोन भाऊ आणि विधवा आई. शेताच्या हातभर धुऱ्यावरून, बांधावरून भांडण सुरू होतं, ते थेट भांड्याकुंड्यांवर येतं. थोरला पाटा उचलतो, धाकटा वरवंटा. दोन्ही सुना आपापल्या दारात उभ्या, वाटण मात्र कुठंच होत नाही. आपल्याकडे रडायचं तर आवाज टिपेला नेऊन, पण आई झालेली बाई माइकपासून मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "आता मला कोणाच्या सातबाऱ्यावर चढवता?" गाण्यांना शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली. मग बायकांनी थोरल्याला शिव्या घालायला सुरुवात केली. मी ताडपत्रीवर बसलो होतो, मान वर करवेना. मीही थोरलाच ना!

तुला माहीत आहे, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली शेताच्या वाटणीचा अर्ज मीच टाकला. तळ्याखालची धानाची बांधी पाण्याची, ती दोघांनाही हवी. दोन वर्षं झाली, धाकट्याशी शब्द नाही. रोवण्याला त्याची माणसं वेगळी, माझी वेगळी. माय महिनाभर माझ्याकडे, महिनाभर त्याच्याकडे. यात तिचे हाल होतात असं मला कधी वाटलंच नाही. दोन्हीकडे वेळेवर जेवण मिळतं, एवढंच बघत आलो.

नाटक सुटलं तेव्हा धुकं होतं. धाकटा मंडपाच्या खांबाशी उभा होता, मी चार पावलांवर. बायकांच्या बाजूने माय आली. डोक्यावरून शाल, हातात बसायचं पोतं. आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "आज तारीख किती?"

मी काही बोललो नाही. तोही नाही. ती बोटांवर मोजत राहिली.

येत्या मंगळवारी तहसीलला पेशी आहे. अर्ज मागे घ्यायचं माझ्या मनात आहे, पण धाकट्याच्या दारात जायला पाय उचलत नाही. लहानपणापासून तो तुझं ऐकतो. रविवारपर्यंत येतोस का? आपण दोघं मिळून जाऊ.

तुझाच,
गावचा मित्र