धमनी म्हणजे गंजका पाइप नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतला तुंबलेल्या धमन्यांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी कष्ट घेतले आहेत, नाही म्हणत नाही. पण धमनी म्हणजे गंजका पाइप, चरबी म्हणजे गाळ आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी) म्हणजे प्लंबरची करामत, एवढंच सांगायचं होतं तर अर्धं पान कशाला खर्ची घातलं? पाइपाची भिंत निर्जीव असते. धमनीच्या भिंतीत स्नायुपेशींचा अख्खा थर असतो. लेखभर शोधला, त्यांचं नावही सापडलं नाही.

माझा राग पुस्तकी नाही. माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे आत फुगा फुगवून अरुंद धमनी उघडली, तेव्हा औषधाचा लेप असलेले स्टेंट आलेले नव्हते. काही महिन्यांत पुन्हा छातीत दुखायला लागलं. तपासणीत तीच जागा पुन्हा अरुंद झालेली. डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं, ‘‘पथ्य मोडलंत ना?’’ दादा पथ्याच्या बाबतीत इतका काटेकोर की घरच्यांना जाच व्हावा. पण त्या एका वाक्याने वहिनी त्याच्या ताटाकडे संशयाने बघायला लागली, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण उपदेश करूनच उठायचा. ‘‘अहो, मी खरंच काही खाल्लं नाही’’, हे त्याला शेवटपर्यंत सांगत बसावं लागलं.

आणि तो खरंच बोलत होता. हृदयाची स्नायुपेशी एकदा पक्की झाली की सहसा पुन्हा विभागत नाही. धमनीतल्या स्नायुपेशीचं तसं नसतं. गर्भात धमन्या घडताना ती वाढते, जागा बदलते, भोवती तंतू तयार करते. मग आकुंचन-प्रसरणाच्या कामाला लागते. फुग्याने भिंत ताणली आणि आतलं अस्तर सोलवटलं, की तिला वाढीचे रासायनिक संदेश मिळतात आणि ती पुन्हा जुन्या उद्योगाकडे वळते. आकुंचनाची प्रथिनं कमी करते, विभागते, आतल्या थरात शिरते आणि कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, टाकत सुटते. नुसत्या फुग्याने उघडलेल्या धमन्यांपैकी साधारण एक तृतीयांश सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. त्या सगळ्यांनी काय पथ्य मोडलं होतं? पुढे स्टेंटवर सिरोलिमस या औषधाचा लेप आला तो याच पेशींची वाढ रोखायला, कोलेस्टेरॉल विरघळवायला नव्हे.

आता कृपा करून पुढच्या आठवड्यात या पेशींनाच खलनायक ठरवू नका. चरबीच्या साठ्यावर कोलॅजनचं झाकण तयार करतात त्याही याच. ते झाकण पातळ होऊन फाटलं तर गुठळी होऊन झटका येतो. उलट यातल्याच काही पेशी चरबी गिळून साठा वाढवतात. 2015 साली उंदरांवरच्या प्रयोगांत स्नायुपेशींना कायमची खूण करून त्यांचा माग काढला, तेव्हा भक्षक पेशी (चरबी, कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) समजल्या गेलेल्यांपैकी काही मूळच्या स्नायुपेशी निघाल्या. त्यांच्यातला केएलएफ-4 हा जनुक काढून टाकला तर साठा लहान आणि झाकण जाड झालं. म्हणजे पेशी बदलते एवढं पुरेसं नाही, कशात बदलते ते बघावं लागतं. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात तर त्या हाडाच्या पेशींसारख्या वागून भिंतीत कॅल्शियम साठवतात. हे सगळं पाइपात कुठे बसवणार?

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या खाली ‘आठ दिवसांत हृदयाच्या नळ्या साफ’ अशी गोळ्यांची चौकट होती, जाडजूड अक्षरांत. ‘जाहिरात’ हा शब्द मात्र भिंग घेऊन शोधावा लागला. लेख आणि जाहिरात इतक्या एकमताने बोलताना मी तरी प्रथमच पाहिली. तो शब्द निदान वाचता येईल एवढ्या आकारात छापाल का?

आपली,
एक जुनी वाचक