नंबर तोच, नावं पाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वडिलांनी मुंबईत घेतलेला मोबाइल नंबर आज मी वापरतो. सुरुवातीला तो मॅक्स टचचा होता. पुढे ऑरेंजचा झाला, मग हचचा, २००७ साली व्होडाफोनचा आणि ७ सप्टेंबर २०२०पासून ‘वी’चा. म्हणून नाव बदलून कंपनी सावरते का, या चर्चेत दोन शब्द लिहावेसे वाटले.

हचचं व्होडाफोन झालं, तो बदल लोकांनी सहज स्वीकारला. पण तेव्हा देशात नवे ग्राहक लोंढ्याने येत होते आणि नव्या मालकाकडे टॉवर उभारायला पैसा होता. पाटी नवी होती तसा दुकानात मालही होता. २०२० साली चित्र उलटं होतं. ऑगस्ट २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या तेव्हा ग्राहक ४० कोटींच्या वर होते. जिओने दर आधीच पाडले होते. त्यात ऑक्टोबर २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर निकालाने (कंपनीच्या कोणत्या उत्पन्नावर सरकारला शुल्क द्यायचं, या वादाच्या निकालाने) ५० हजार कोटींहून अधिक थकबाकी डोक्यावर बसली. विलीनीकरणानंतर एकच नाव घेणं गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिओ आणि एअरटेलने ५जी ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलं, वीचं मुंबईत आलं ते मार्च २०२५मध्ये. एव्हाना ग्राहक २० कोटींच्या आसपास उरले होते.

बीएसएनएलचंही तेच. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांचे रिचार्ज महागले, तेव्हा लाखो लोक नंबर पोर्ट करून तिकडे गेले. ऑक्टोबरमध्ये बोधचिन्ह बदललं, ‘कनेक्टिंग इंडिया’चं ‘कनेक्टिंग भारत’ झालं. नोव्हेंबरपासून ग्राहक पुन्हा घटू लागले. स्वदेशी ४जीचं देशव्यापी उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५मध्ये. हा क्रम उलटा असता तर आलेली माणसं टिकली असती, असं मला मनापासून वाटतं.

वी टिकावी ही माझी इच्छा आहे. ती गेली तर खासगीत दोनच कंपन्या उरतील आणि रिचार्जचे दर त्याच ठरवतील. शिवाय थकबाकीच्या बदल्यात सरकारने तिचे सुमारे ४९ टक्के समभाग घेतले आहेत, म्हणजे त्यात जनतेचाच पैसा आहे. तेव्हा सरकारने एवढं करावं: कोणत्या जिल्ह्यात किती नवे टॉवर सुरू झाले, हे वी आणि बीएसएनएल या दोन्ही कंपन्यांना दर तिमाहीला जाहीर करायला लावावं.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई